माती, शेती आणि समकालीन शिल्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिल्पकलेवरच्या व्याख्यानांनंतर, कार्यशाळांत, पत्रांतून आणि फोनवर गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कलाशाळेतले विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, आणि घरी शेती आहे पण कलेशी कधी संबंध आला नाही अशी माणसेही आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर तेथला क्रमांक दिला आहे.

१. गावच्या चौकात बैलजोडी आणि नांगरधारी शेतकऱ्याचा पुतळा असतो. त्यात आणि तुम्ही सांगता त्या शिल्पात फरक काय?

चौकातल्या पुतळ्यात शेतकरी हा विषय असतो. साहित्य मात्र सिमेंट, फायबर किंवा पंचधातू असते आणि त्याचा शेतीशी संबंध नसतो. ज्या शिल्पांविषयी येथे लिहिले आहे, त्यांत माती, शेण, बी, पाणी, खाणीतला दगड ही द्रव्येच बोलत असतात आणि ऋतू, पाऊस, उगवणे, कुजणे हा कृतीचाच भाग असतो. फरक दर्जाचा नाही, पद्धतीचा आहे. दोहोंच्या सीमेवरचे उदाहरण पाहायचे असेल तर शांतिनिकेतनातले रामकिंकर बैज यांचे ‘संथाल कुटुंब’ पाहावे. १९३८च्या सुमाराचे हे शिल्प वरवर पाहता पुतळाच आहे : बिऱ्हाड घेऊन निघालेले कुटुंब, सोबत कुत्रा. पण ते सिमेंटमध्ये त्याच परिसरातली तांबडी जांभ्याची खडी मिसळून घडवले आहे, त्यामुळे ज्या जमिनीवरून ती माणसे चालली आहेत तीच त्यांच्या अंगात उतरली आहे.

२. हा प्रकार सुरू कधी झाला?

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले काही शिल्पकार दालनाबाहेर पडून थेट जमिनीवर काम करू लागले. रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी काळा दगड आणि माती टाकून सुमारे १,५०० फूट लांबीचा सर्पिल बांध घातला, तो ‘स्पायरल जेटी’. वॉल्टर डी मारिया यांनी उलट केले : १९७७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत ३,६०० चौरस फुटांच्या जागेत २२ इंच जाडीचा मातीचा थर पसरला. ती खोली आजही आहे. तिची निगा राखणारी माणसे माती ओली ठेवतात, दाताळ्याने सारखी करतात आणि उगवलेल्या अळंब्या उपटतात, म्हणजे शेतकऱ्याची सगळी कामे करतात, फक्त पेरत नाहीत. माझ्या मते या पहिल्या पिढीची मर्यादा नेमकी येथे दिसते. तिला जमीन हवी होती ती ओसाड, मोठी, माणूस नसलेली. ती जमीन कोण कसतो, हा प्रश्न पुढच्या लोकांनी विचारला.

३. शेतात गहू पेरला तर त्याला शिल्प कसे म्हणायचे? मग आम्ही सगळेच शिल्पकार झालो.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो बहुधा शेतकऱ्याकडूनच येतो. रोख ॲग्नेस डेनिस यांच्या १९८२च्या ‘व्हीटफील्ड’कडे असतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला, जागतिक व्यापार केंद्राच्या जोडमनोऱ्यांच्या पायथ्याशी, भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर त्यांनी २ एकर गहू केला. आधी दगडगोटे आणि कचरा वेचला, सुमारे २०० ट्रक माती आणून पसरली, हाताने २८५ सऱ्या ओढल्या, मे महिन्यात बी टाकले, पाण्याची सोय केली आणि १६ ऑगस्टला कापणी केली. उत्पन्न निघाले जवळजवळ १,००० पौंड, म्हणजे साडेचार क्विंटलच्या आसपास. एकरी सव्वादोन क्विंटल हा उतारा ऐकून आपल्याकडचा गहू करणारा कोणताही माणूस हसेल, आणि मी सांगितल्यावर तो हसतोच.

पण त्या जमिनीची किंमत तेव्हा साडेचार अब्ज डॉलर धरली जात होती. जगातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एकीवर सर्वांत स्वस्त वस्तू पिकवणे, हा त्या कामाचा आकार आहे. शिल्प म्हणजे जागा आणि वस्तू यांच्यातले नाते रचणे, ही व्याख्या मान्य केली तर येथे नाते आहे, ताण आहे आणि आजूबाजूच्या इमारतींमुळे उंची-खोलीही आहे. तुमच्या शेतातल्या गव्हात हे नसते, कारण तेथे गहू असणे हेच अपेक्षित आहे. म्हणून पेरणारा प्रत्येक जण शिल्पकार नव्हे. अर्थात त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही.

४. महाराष्ट्रातले किंवा मराठी भाषकांशी संबंधित कोण आहेत?

पहिले नाव प्रभाकर पाचपुते यांचे घ्यावे लागते. जन्म १९८६चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. घरातल्या तीन पिढ्या कोळसा खाणीत काम केलेल्या. खैरागड आणि नंतर बडोदा येथे त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. कोळशाने भिंतीवर काढलेली त्यांची प्रचंड चित्रे लोकांना ठाऊक असतात. पण त्यांच्या आकृत्या मुळात शिल्पकाराच्या आहेत. धड माणसाचे आणि डोक्याच्या जागी अवजार, दिवा किंवा यंत्राचा भाग, अशी ती माणसे असतात. खाण येते तेव्हा शेत जाते, शेतकरी खाणीत मजूर होतो, आणि खाण संपल्यावर उरतो तो खड्डा आणि मातीचा डोंगर. हे त्यांनी बाहेरून पाहिलेले नाही. २०२१ मध्ये ‘आर्टेस मुंडी’ हा वेल्समधला पुरस्कार सहा कलावंतांना विभागून देण्यात आला, त्यांत ते होते. तेथे त्यांनी दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांचा इतिहास आणि चंद्रपूर यांना शेजारी आणून बसवले. विदर्भातला माणूस वेल्सच्या माणसाशी कोळशातून बोलतो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल वाटते ते एवढेच की हे संभाषण इतक्या उशिरा झाले.

दुसरे उदाहरण नागपूरच्या उत्तरेला, राज्याची हद्द ओलांडल्यावर लगेच लागणाऱ्या पारडसिंगा या गावाचे आहे. सौसर परिसरातले हे गाव मध्य प्रदेशात असले, तरी तेथे मराठी सर्रास बोलली जाते. शिल्पकार श्वेता भट्टड आणि गावकरी यांनी तेथे ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ उभा केला. ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली, तेव्हा या मंडळींनी शेतातच पंतप्रधानांची पिकांतून उगवणारी प्रतिमा रेखली आणि ‘भारतात पिकवा’ अशी विनंती केली. देशी कापूस पिकवणे, हाताने सूत कातणे, बिया गुंफलेल्या राख्या करणे ही कामेही तेथे चालतात. ‘यात शिल्प कोठे संपते आणि उद्योग कोठे सुरू होतो?’ असे विचारले जाते. ती रेघ गावात कोणी ओढलेली नाही, आणि मलाही ती ओढण्याची घाई नाही.

तिसऱ्या नवज्योत अल्ताफ. त्या मुंबईच्या, पण त्यांचे महत्त्वाचे काम बस्तरमध्ये झाले. त्याविषयी प्रश्न १० पाहावा.

५. शेणाचे शिल्प म्हणजे केवळ लक्ष वेधण्यासाठी केलेला प्रकार आहे का?

काही ठिकाणी असतो, हे मान्य करावे लागेल. पण हे द्रव्य भारतीय शिल्पात गंभीरपणे आले ते १९९०च्या दशकात. बंगळूरच्या शीला गौडा आधी चित्रकार होत्या. १९९२-९३च्या दंगलींनंतर कॅनव्हासवरचा रंग त्यांना अपुरा वाटू लागला आणि त्या शेणाकडे वळल्या. पवित्र, औषधी, जळाऊ आणि तरीही घाण समजला जाणारा असा हा एकच पदार्थ आहे, आणि तो हाताळण्याचे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. सुबोध गुप्ता यांनी १९९७ मध्ये मोदीनगर येथील कार्यशाळेत गोवऱ्या रचून माणूस आत शिरू शकेल अशी गोल वास्तू उभी केली आणि तिला ‘माय मदर अँड मी’ हे नाव दिले. ज्याने उन्हाळ्यात गोवऱ्यांचा हुडवा रचलेला पाहिला आहे, त्याला ती वास्तू समजावून सांगावी लागत नाही. हुडवा कसा रचायचा, वर कशाने लिंपायचा आणि पावसाळ्यात कोणत्या बाजूने फोडायचा, हे खेड्यातल्या बाईला जितके कळते तितके कोणत्याही कलाशाळेत शिकवत नाहीत.

६. आमच्या शेतातल्या काळ्या मातीचे शिल्प करता येईल का?

करता येईल, पण आधी मातीचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. काळ्या कापसाच्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. ओली असताना ती लोण्यासारखी वळते आणि पहिल्या दिवशी शिकाऊ माणूस खूश होतो. सुकताना ती तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल अशा भेगा पडतात, त्याच भेगा तुमच्या आकृतीच्या मानेला आणि मनगटाला पडतात. त्यावर उपाय जुनाच आहे : माती चाळून, भिजवून, दोन-चार दिवस मुरवून तीत वाळू, राख, भाताचे तूस किंवा कुंभार घालतात ती घोड्याची लीद मिसळावी. मोठे काम असेल तर आतून पोकळ ठेवावे आणि सावलीत, गोणपाट झाकून, सावकाश सुकवावे.

भाजायचे असेल तर दुसरी अडचण येते. काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा चुना होतो, आणि नंतर हवेतली ओल शोषून तो फुगतो. एका विद्यार्थिनीने सुंदर भाजलेला बैल माझ्याकडे आणला. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या वशिंडावर रुपयाएवढा टवका उडालेला होता आणि मधोमध पांढरा ठिपका होता. म्हणून बारीक चाळणी घ्यावी आणि कंटाळा करू नये. गणपतीसाठी वापरतात ती शाडू या बाबतीत सोपी आहे, पण ती बव्हंशी गुजरातेतून, विशेषतः भावनगरकडून येते. ‘आमच्या मातीचे शिल्प’ असे म्हणून शाडू वापरायची असेल, तर तेवढे लक्षात असू द्यावे.

७. मातीचे काम पावसात विरघळून जाते. मग त्याचा उपयोग काय?

पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या समाजाने हा प्रश्न विचारावा, याची मला गंमत वाटते. आपल्याकडे विसर्जन हा मूर्तीचा अपघात नसून तिच्या विधीचा शेवट आहे. समकालीन शिल्पातही काही कामे विरण्यासाठीच केलेली असतात आणि त्यांची छायाचित्रे व नोंदी उरतात. मात्र विरघळणे हा हेतू होता की निष्काळजीपणा, हे तपासावे. कलावंताने आधी सांगितले नव्हते आणि काम कोसळल्यावर ‘क्षणभंगुरता हाच आशय’ असे सांगितले, तर प्रेक्षकाने ते मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही.

कधी निसर्ग उलटेही करतो. ‘स्पायरल जेटी’ बांधून झाल्यावर थोड्याच वर्षांत तळ्याची पातळी वाढून बुडाली आणि दीर्घकाळ पाण्याखाली राहिली. २००२च्या दुष्काळात ती पुन्हा वर आली, खडे मिठाने पांढरे झालेले. आता तळे इतके मागे हटले आहे की तिच्याभोवती बरेचदा पाणीच नसते, आणि त्यामागे शेती व शहरांसाठी नद्यांचे वळवलेले पाणी हे मोठे कारण आहे. स्मिथसन १९७३ मध्येच वारले. आज ती जेटी पाणी किती आटले हे दाखवणारी खूण झाली आहे, आणि असे काही त्यांनी आखलेले नव्हते.

८. पर्यावरणावर शिल्प करायचे आणि त्यासाठी जहाजे-ट्रक धावडवायचे, हा विरोधाभास नाही का?

आहे. ओलाफुर एलियासन यांनी भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग यांच्यासह ग्रीनलंडच्या खाडीत तरंगणारे हिमखंड आणून २०१४ मध्ये कोपनहेगनला, २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला चौकात वितळत ठेवले. पॅरिसला १२ खंड होते. लोक त्यांना मिठी मारत, कान लावत. आत कोंडलेली हजारो वर्षांपूर्वीची हवा सुटताना बारीक तडतड ऐकू येई. वाहतुकीवर टीका झाली. मला त्यातली पटलेली गोष्ट ही की पॅरिसच्या कामाचा हिशेब त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला : सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइड. आकडा समोर असला की वाद तरी घालता येतो. आपल्याकडच्या किती ‘हरित’ प्रदर्शनांचे फ्लेक्स, थर्माकोल आणि जनरेटर यांचे हिशेब कोणी मांडले आहेत?

९. अशा शिल्पाने जमीन सुधारते का, की नुसतेच ‘लक्ष वेधले’ जाते?

बहुतेक वेळा लक्षच वेधले जाते. अपवाद थोडे आहेत, पण ठोस आहेत. मेल चिन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराजवळच्या कचराभूमीत, कृषिशास्त्रज्ञ रूफस चेनी यांच्याबरोबर, ‘रिव्हायव्हल फील्ड’ केले. जड धातूंनी दूषित जमिनीचा एक तुकडा कुंपणाने बंद करून तेथे धातू शोषून घेणाऱ्या वनस्पती लावल्या. त्यांतल्या एका वनस्पतीने कॅडमियम आणि जस्त खरोखरच शोषून घेतल्याचे आढळले. चिन यांचे म्हणणे असे होते की संगमरवरातून नको तेवढे काढून टाकणे हे शिल्प असेल, तर मातीतून विष काढून टाकणे हेही कोरीवकामच आहे. या कामाचे सरकारी अनुदान आधी ‘ही कला नव्हे’ अशा शंकेने अडवले गेले आणि मग दिले गेले.

योझेफ बॉईस यांचे जर्मनीतल्या कासेल शहरातले ‘७००० ओक’ वेगळ्या प्रकारचे आहे. १९८२ मध्ये त्यांनी संग्रहालयासमोर बेसॉल्टचे ७,००० खांब ढीग घालून ठेवले आणि अट घातली : एक झाड लावले की त्याच्या शेजारी एक दगड रोवायचा. ढीग कमी होताना दिसला पाहिजे. बॉईस १९८६ मध्ये वारले. शेवटचे झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावले. सुरुवातीला दगड रोपापेक्षा मोठा होता. आज झाडे दगडाच्या कितीतरी वर गेली आहेत. आपल्याकडे वृक्षारोपणाच्या फोटोत खड्डा दरवर्षी तोच असतो अशी तक्रार असते. तेथे प्रत्येक दगडाला त्याचे झाड दाखवता येते.

१०. यात शेतकऱ्याला काय मिळते?

हा प्रश्न मी प्रत्येक प्रस्तावाला लावून पाहतो, आणि ज्याचे उत्तर ‘समाधान’ असे येते तो प्रस्ताव बाजूला ठेवतो. जपानच्या निइगाता प्रांतातला एचिगो-त्सुमारी हा डोंगराळ, हिवाळ्यात बर्फाने गाडला जाणारा भाग. तरुण निघून गेले, म्हातारे उरले. तेथे २००० पासून त्रैवार्षिक कलामहोत्सव होतो. पहिल्याच वर्षी इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांनी पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांत नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी करणाऱ्या माणसांच्या सपाट रंगीत आकृत्या उभ्या केल्या. खाचरांच्या मालकाने आधी नकार दिला होता, कारण तो शेती सोडण्याच्या बेतात होता. कलावंताला आपल्या कष्टांची रीत नीट कळली आहे, हे पटल्यावर त्याने होकार दिला आणि पुढे आणखी काही वर्षे ती खाचरे कसली. त्याच्यानंतर ते काम इतरांनी चालू ठेवले. त्या शिल्पाची खरी उंची मी आकृत्यांवरून नव्हे, पिकत राहिलेल्या भातावरून मोजतो.

बस्तरमधल्या कोंडागावात नवज्योत अल्ताफ यांनी स्थानिक आदिवासी कलावंतांबरोबर हातपंपांभोवती ‘नलपार’ बांधले. बाईला भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कंबर मोडते. म्हणून ओट्यांची आणि टेकण्यांची उंची ठरवताना बायकांच्या हालचालींचा विचार केला. भिंतींवर तिथलीच चिन्हे आली. पंपावर पाणी भरणाऱ्या बाईने त्याला शिल्प म्हटले नाही तरी चालते.

११. शेतकरी आत्महत्यांवर शिल्प करावे का?

करू नये असे कोण म्हणणार? मात्र फास, उलटा नांगर, भेगाळलेली जमीन आणि वाळलेले झाड हा संच आता इतक्यांदा वापरला गेला आहे की तो पाहताना डोळा पुढे सरकतो. विषय दुःखाचा असला की प्रेक्षक टीका करत नाही, आणि याचा फायदा दुबळ्या कामाला मिळतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकऱ्यांचे सोललेले तळवे ज्यांनी पाहिले, त्यांना प्रतीकाची गरज वाटली नाही. ज्या घरात हे घडले आहे, त्या घरातली वस्तू किंवा नाव वापरायचे असेल तर घरच्यांची संमती घ्यावी आणि काम त्यांना आधी दाखवावे.

१२. शेतात शिल्प उभे करायला परवानगी लागते का?

माती, पेंढा, बी, रचून ठेवलेले दगड असे तात्पुरते काम असेल तर जमीनमालकाची लेखी संमती हा पहिला कागद. सातबारावर अनेक नावे असतील तर सगळ्यांची घ्यावी. एका भावाने ‘करा हो’ म्हटले आणि दुसऱ्याने पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर घातला, असे घडते. काँक्रीटचा पाया आणि कायम बांधकाम आले की अकृषिक वापराचा प्रश्न उभा राहतो. काम सुरू करण्यापूर्वी तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात विचारावे, कारण नियम बदलत असतात. गायरान, ओढ्याचा काठ, वनजमीन या जागा ‘मोकळ्या’ दिसल्या तरी मोकळ्या नसतात.

१३. जमीन विकली गेली तर शिल्पावर हक्क कोणाचा? नव्या मालकाने मोडले तर?

वस्तूची मालकी आणि कर्त्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कृती विकल्यानंतरही कर्त्याचे काही विशेष हक्क उरतात. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. पण याचा अर्थ नव्या मालकाने शेत कधीच नांगरू नये, असा नाही. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, दिल्लीतल्या प्रगती मैदानावरच्या पाडलेल्या ‘हॉल ऑफ नेशन्स’ या प्रदर्शन-इमारतीच्या वास्तुरचनाकाराचा, जमीन आणि इमारतीच्या मालकाविरुद्धचा दावा मान्य केला नाही. जमिनीला जखडलेल्या कामाची बाजू त्यामुळे नाजूक राहते. करारातच मुदत, देखभाल आणि काढून नेण्याची पद्धत लिहून ठेवावी, आणि वाद निर्माण झालाच तर वकिलाला विचारावे.

१४. शेतात मांडलेल्या दगडाला लोकांनी शेंदूर लावून पूजा सुरू केली तर काय करावे?

परदेशी पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही. आपल्याकडे बांधावरचा, किंचित घडवलेला उभा दगड फार काळ निनावी राहत नाही. तो म्हसोबा होतो किंवा वेताळ होतो. प्रश्न १२ मधली संमती आणि प्रश्न १३ मधला करार येथे कामाला येत नाहीत. मी एका परिचिताच्या बांधावर कमरेएवढा काळा दगड, एका अंगाला फक्त पेरणीच्या पाभरीच्या फणांसारख्या चार खाचा पाडून, उभा केला होता. तिसऱ्या वर्षी गेलो तर खाचा शेंदराने बुजल्या होत्या आणि पायाशी पहिल्या तोडीची चार वांगी ठेवलेली होती. मी काही बोलण्याआधी मालकाच्या आईनेच विचारले, “न्यायचाय का तुम्हाला? मग नारळ फोडून, विचारून न्या. त्याला, मला नव्हे.” दगड तेथेच आहे. माझ्या कामांच्या यादीत त्याच्यापुढे माप आणि वर्ष लिहिले आहे. द्रव्याच्या रकान्यात आधी ‘बेसॉल्ट’ होते, आता ‘बेसॉल्ट, शेंदूर, तेल’ असे आहे.